पैसा आणि पत

(ज्ञातिमंडळाच्या हर्णे येथे भरलेल्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हास आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा पहिला प्रश्न पडला. ज्ञातीचा पूर्वेतिहास, विद्येचे महत्त्व, लग्नकार्यातील अवास्तव खर्च हे विषय आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून अनेकवार मांडले आहेत. घराघरांत रोज ज्याची चर्चा चालते, पण चारचौघांत ज्याचा उच्चार करणे कमीपणाचे समजले जाते, असा एकच विषय शिल्लक राहिला. तो म्हणजे पैसा.

आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि हयात प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात गेली. परंतु सरळव्याज, नफातोटा आणि भागीदारी यांची उदाहरणे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवून दाखविली आणि शाळा सुटल्यावर तीच उदाहरणे हर्णेच्या बंदरावर प्रत्यक्ष चाललेली पाहिली. एवढ्या शिदोरीवर आज बोलावयाचे आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्यास धागा सापडेल. ते असे की, पैसा ही वाईट वस्तू नाही. पण अडचणीच्या वेळी आपण ज्याच्याकडून तो घेतो, त्याच्या हाती आपल्या मालाचा भाव जातो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हे जसे राष्ट्रांना लागू पडले, तसेच ते आपल्या होड्यांनाही लागू पडले आहे.

पैशाचे शास्त्र कोकणी माणसास परके आहे असे मात्र कोणी समजू नये. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव आणि ज्यांच्या बालपणाचा काही काळ आपल्या दापोलीत गेला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली लंडन येथे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रुपयाचा परदेशी नाण्याशी असलेला दर सांभाळण्यापेक्षा देशातील त्याची खरेदीशक्ती स्थिर राखणे अधिक अगत्याचे आहे, हे त्यातील एक प्रमुख सूत्र होते. भाव वाढले की मजुरीवर पोट भरणाऱ्याच्या ताटातील घास आधी कमी होतो, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरे कोकणपुत्र म्हणजे चिंतामणराव देशमुख. रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १८९६ साली त्यांचा जन्म झाला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जुलै १९४४ मध्ये, युद्ध अद्याप चालू असतानाच, अमेरिकेतील ब्रेटन वुड्स या ठिकाणी ४४ राष्ट्रांची परिषद भरली. युद्ध संपल्यावर जगाचा पैशाचा व्यवहार कोणत्या नियमांनी चालावा हे तेथे ठरावयाचे होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्थांचा पाया तेथेच घातला गेला. डॉलर सोन्याशी बांधला गेला, ३५ डॉलरला एक औंस सोने असा भाव ठरला आणि इतर राष्ट्रांची नाणी डॉलरशी बांधली गेली. त्या परिषदेस हिंदुस्थानातून गेलेल्या मंडळात चिंतामणराव होते.

त्या वेळी आपला देश परतंत्र होता, आणि तरीही तो सावकार होता. ही गोष्ट नव्या पिढीस आश्चर्याची वाटेल. युद्धासाठी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून कापड, धान्य, लष्करी साहित्य अपरंपार खरेदी केले. त्याचे पैसे येथे रोख मिळाले नाहीत. ते लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे पौंडांत जमा होत राहिले आणि त्या जमेच्या आधारावर येथे रुपयांच्या नोटा छापल्या गेल्या. १९३९ च्या सुमारास दोनशे कोटी रुपयांच्या आत असलेल्या नोटा १९४५ पर्यंत हजार कोटींच्या पुढे गेल्या. माल परदेशी गेला, नोटा घरात राहिल्या; मग भाव आकाशास भिडले नाहीत तरच नवल! रेशनच्या रांगा लागल्या. बंगालमध्ये १९४३ साली लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक होती, पण युद्धकाळातील भाववाढ हे त्यांपैकी एक मोठे कारण होते. जानेवारी १९४६ मध्ये सरकारने ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. तेव्हा मोठ्या पेढ्यांची तारांबळ उडाली. मीठभाकरीची भ्रांत असलेल्या माणसाने तर ती नोट पाहिलीही नव्हती.

युद्ध संपले तेव्हा लंडनमधील आपली ही जमा सुमारे १३० कोटी पौंडांची, म्हणजे त्या वेळच्या दराने १,७०० कोटी रुपयांच्या घरातली होती. ही रक्कम आम्हास मोकळेपणी, हव्या त्या देशात खर्च करता यावी, हा प्रश्न आपल्या मंडळाने ब्रेटन वुड्स येथे मांडला. परिषदेने तो विचारात घेतला नाही. हा दोन देशांमधला मामला आहे असे म्हणून तो बाजूस ठेवण्यात आला. पुढे ती रक्कम मिळाली, पण हप्त्याहप्त्याने आणि करारमदार करून. १९४८ च्या करारात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद आणि मागे राहिलेले लष्करी साहित्य यांपोटीही मोठी रक्कम वळती झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाची किंमत डॉलरच्या तुलनेत सुमारे तीस टक्क्यांनी उतरविण्यात आली, आणि पौंडाच्या पाठोपाठ आपला रुपयाही तेवढाच उतरला. अमेरिकेतून यंत्रे आणावयाची तर आपली शिल्लक एका रात्रीत तितकी आटली. शेजारच्या पाकिस्तानने आपला रुपया उतरविला नाही, म्हणून दोन देशांमधील तागाचा आणि कापसाचा व्यापारच अडला.

यावरून पहिला बोध घ्यावयाचा तो हा. येणे असणे आणि पैसा हाती असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडे आपली रक्कम पडून आहे तो बलवान असेल, तर ती केव्हा, किती आणि कोणत्या रूपाने द्यावयाची हे तोच ठरवितो. बंदरावर ज्यांची बिले महिनोन् महिने अडकून पडतात, त्यांस हे फोड करून सांगावयास नको.

आता दुसरी बाजू पाहू. हाच देश पुढे ऋणको झाला. ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी करार होऊन पी. एल. ४८० या कायद्याखाली तेथील गहू आपल्याकडे येऊ लागला. त्याची किंमत डॉलरमध्ये न देता रुपयांत द्यावयाची होती, म्हणून हा व्यवहार सुखाचा वाटला. रेशनच्या दुकानातून तो गहू गावोगाव गेला आणि भात खाणाऱ्या कोकणातही पोळीचा प्रवेश वाढला. परंतु १९६५ व १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्या प्रसंगी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षाचा करार न करता थोड्या थोड्या महिन्यांपुरतेच धान्य सोडण्याचे धोरण धरले. शेतीचे धोरण कसे असावे, व्हिएतनामच्या युद्धाविषयी भारताने काय बोलावे व काय बोलू नये, याचा विचार गव्हाच्या जहाजाबरोबर होऊ लागला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशास सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते, त्यामागे ही लाचारी टाळण्याची तळमळ होती.

६ जून १९६६ रोजी रुपयाची किंमत उतरविण्यात आली. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, ते ७ रुपये ५० पैसे पडू लागले. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांचा आग्रह त्यामागे होता आणि मदतीचे आश्वासनही होते. पण अपेक्षेएवढी मदत आली नाही. रुपयाच्या या घसरणीचा एक परिणाम आपल्या किनाऱ्याशी संबंधित आहे. १९५९ पासून कुवेत, बहारीन, कतार आदी आखाती प्रदेशांसाठी आपली रिझर्व्ह बँक खास नोटा छापीत असे. तेथील बाजार आपल्या रुपयावर चालत असे. कुवेतने १९६१ मध्ये आपले नाणे काढले, आणि पुढे इतरांनीही रुपयाची साथ सोडली. पुढे याच किनाऱ्यावरील गावांतून कितीतरी माणसे त्या देशांत नोकरीस गेली, आणि जेथे एके काळी आपला रुपया चालत होता तेथला दिनार आणि रियाल कोकणातील घरांवर स्लॅब चढवू लागला.

१९९१ साली तर परदेशी चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली. तेव्हा जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बाहेर पाठवून गहाण ठेवले आणि सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. घरातील सोने गहाण पडले की गृहिणीच्या डोळ्यांत जे पाणी येते, ते त्या दिवशी राष्ट्राच्या डोळ्यांत आले. ते कर्ज लवकरच फिटले, देशाने व्यापाराचे नियम बदलले, पुढे गंगाजळीही भरली. २००९ साली याच देशाने नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. परंतु गहाणाची अट म्हणून कोणाकोणाचे ऐकावे लागते, हा धडा तेव्हा मिळाला तो मिळालाच.

राष्ट्रांच्या या कथा आम्ही सांगितल्या त्या केवळ माहितीसाठी नव्हेत. हीच रीत आपल्या बंदरावर कशी आली, हे आता पाहावयाचे आहे.

सुवर्णदुर्गाच्या साक्षीने आपल्या पूर्वजांनी शिडाच्या होड्यांतून मासेमारी केली. वाऱ्यास पैसे पडत नसत. जाळी घरच्या घरी विणली जात, लाकूड आसपासचे असे, आणि उरलेली मासळी सुकवून ठेवली जाई. पैसा लागत नव्हता असे नव्हे, पण तो रोज लागत नव्हता. युद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत हे चित्र पालटले. होडीस इंजिन बसले. सुताच्या व तागाच्या जाळ्यांच्या जागी नायलॉनची जाळी आली. बर्फ आला. १९५० च्या दशकात कोचीनहून गोठविलेली कोळंबी अमेरिकेस जाऊ लागली आणि जी कोळंबी आपण सोलून, सुकवून, सोडे म्हणून मुंबईच्या नातेवाइकांस पाठवीत होतो, तिला परदेशी भाव आला. उत्पन्न वाढले ही गोष्ट खरी, आणि ती आम्ही नाकारीत नाही. कौलांच्या जागी पक्की घरे झाली, मुले दापोलीस व पुढे मुंबई-पुण्यास शिकू लागली.

पण त्याबरोबर दर पहाटे पैसा लागू लागला. डिझेल हवे, बर्फ हवा, खलाशांस आगाऊ हवे. १९७३ साली अरब-इस्रायल युद्ध झाले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेला खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. कोठे सिनाई आणि कोठे हर्णे! परंतु होडीत इंजिन आहे तोवर त्या युद्धाचा आणि आपला संबंध आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर ५० टक्क्यांवर नेला, त्याची झळ आंध्रातील कोळंबीच्या निर्यातदारांस प्रथम लागली. त्या एका निर्णयाने कोळंबीच्या बाजारातील सर्वांस धास्ती घेण्याची वेळ आली. राजकारण आणि बाजार यांमधील भिंत युद्धोत्तर काळात पडली ती अशी.

रोजच्या पैशाची ही गरज कोणी भागवावयाची? तेथे ‘उचल’ आली. हंगामाच्या तोंडावर व्यापारी तांडेलास रक्कम देतो. कागद नाही, जामीन नाही, व्याजही नाही. अट एकच: मासळी आपल्यालाच घातली पाहिजे. सायंकाळी आपल्या बंदरावर वाळूत मासळीचे ढीग पडतात, बोली चढते, मुंबई-पुण्याचे पाहुणे तो लिलाव कौतुकाने पाहतात. पण ज्याने उचल घेतली आहे त्याची मासळी बोलीस मोकळी नसते. इतरांच्या ढिगाला जो भाव फुटतो, तो त्याने नुसता ऐकावयाचा.

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात आम्ही सरळव्याज शिकवीत असता एका मुलाने उभे राहून विचारले, “गुरुजी, आमच्या उचलीला व्याज नाही, मग ती फिटत का नाही?” पंडितास सुचू नये असा हा प्रश्न होता. त्याचे उत्तर आज हिशेबाने मांडतो. हे कोणा एकाचे उदाहरण नव्हे. आकडे सोयीसाठी धरले आहेत.

एका तांडेलाने २ लाख रुपये उचल घेतली असे समजा. त्यास लिलावापेक्षा किलोमागे १० रुपये कमी मिळतात आणि हंगामात तो ६,००० किलो मासळी घालतो. म्हणजे ६०,००० रुपये त्याच्या हातून गेले. दोन लाखांवर साठ हजार म्हणजे शेकडा ३० व्याज झाले. फक्त ते व्याजाच्या रकान्यात लिहिलेले नाही, भावाच्या रकान्यात लपले आहे. हीच रक्कम बँकेकडून शेकडा ७ दराने घेतली असती, तर वर्षाचे व्याज १४,००० झाले असते. शिवाय फरकाचे साठ हजार देऊनही मुद्दल दोन लाख तसेच उभे. साडेतीन हंगामांत त्याने फरकाच्या रूपाने दोन लाखांहून अधिक दिलेले असतात आणि उचल जागच्या जागी असते. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. उचल फिटत नाही, कारण ती फिटावी अशी तिची रचनाच नाही. ज्याची उचल, त्याचा भाव. आणि भावच ज्याच्या हाती, त्यास मुद्दल परत घेण्याची घाई कशाला असेल?

येथे व्यापाऱ्याची बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. रात्री इंजिन बंद पडले तर बँकेचे दार उघडे नसते, व्यापाऱ्याचे असते. होडी बुडाली तर त्याचीही रक्कम बुडते. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर माडापोफळीच्या बागा आडव्या केल्या, घरांची छपरे उडाली. अशा वेळी पंचनाम्याची वाट न पाहता हात पुढे करणारे पुष्कळदा हेच लोक असतात. तोही पुढच्या मोठ्या व्यापाऱ्याचा बांधलेला असतो आणि निर्यातदाराचे बिल केव्हा सुटेल हे त्याच्या हाती नसते. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांसही खुली झाली आहे, पण कागदपत्रांच्या भीतीने कित्येक घरे तिच्या वाटेस जात नाहीत, हा दोष व्यापाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

आणि स्पष्ट बोलावयाचे तर, या मांडवात उचल घेणारे बसले आहेत तसे देणारेही बसले आहेत. दोघेही आपलेच. ही स्मरणिका निघते ती ज्यांच्या जाहिरातींवर, त्यांत काही नावे उचल देणाऱ्यांची आहेत, आणि त्यांच्याच औदार्याने दरसालची बक्षिसे वाटली जातात. त्यांचे उपकार आम्ही विसरत नाही. पण बक्षीस घेणाऱ्या मुलाच्या बापाने किलोमागे दहा रुपये सोडलेले असतील, तर ते बक्षीस कोणी दिले, याचा विचार उभय पक्षांनी करावा, एवढीच आमची विनंती आहे.

आता संसाराकडे वळू. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हा हिशेब जाऊन शंभराचा रुपया झाला. आमच्या वडिलांच्या पिढीतील बाजारकरणी पुष्कळ वर्षे मनात आणे मोजीत आणि तोंडाने पैसे सांगत. त्यात त्यांचा कधी आणा चुकला नाही. त्या काळी गावातील बहुतेक घरे मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत. पोस्टमन दिसला की म्हाताऱ्या पायरीवर येऊन बसत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपात मुंबईची चूल विझली तशी कोकणातीलही विझली. मुंबईवर विसंबलेले घर आणि परदेशी गव्हावर विसंबलेला देश यांची स्थिती तेव्हा एकसारखी दिसली.

सांप्रत मनीऑर्डरीची जागा मोबाईलने घेतली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या, त्याच वर्षी निघालेली यूपीआयची पद्धत पुढे घरोघर पोहोचली आणि आज मासळीच्या टोपलीशेजारी ठिपक्यांच्या चौकोनाचा कागद लावलेला दिसतो. पैसा डोळ्यांस दिसेनासा झाला. सोय झाली हे खरे. पण जो दिसत नाही तो मोजलाही जात नाही. पूर्वी गाठोड्याची गाठ सोडताना बोटास अडचण होई, त्या एवढ्याशा अडचणीत विचारास अवसर मिळे. आज साखरपुड्याच्या हॉलचे पैसे एका बोटाने जातात, आणि जून उजाडला की तेच घर दागिने घेऊन बँकेच्या पायरीवर उभे असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, आणि नेमकी त्याच वेळी शाळा सुरू होते. पुस्तके, गणवेश, वसतिगृहाची अनामत सारे एकदम येते. त्या दोन महिन्यांत आम्ही वर्गात रिकामी बाके पाहिली आहेत. नारळी पौर्णिमेनंतर त्यांतील काही बाके भरत, काही भरत नसत. तो मुलगा बापाबरोबर समुद्रावर गेलेला असे. मुलींची बाके रिकामी झाली की ती बहुधा परत भरत नसत. उचलीचे खरे व्याज ते हे.

मग करावयाचे काय? मोठ्या योजना सांगण्याचा आमचा अधिकार नाही. चार लहान गोष्टी सांगतो.

पहिली ही की, प्रत्येक घराने एक वही घालावी. उचल किती, त्या दिवशीचा लिलावाचा भाव काय, आपल्यास मिळाला काय, हे रोज लिहावे. मुलांस हे काम द्यावे. गणिताचा अभ्यासही होईल आणि घराची स्थितीही कळेल. भांडण करण्यास ही वही नको, बोलणे करण्यास हवी.

दुसरी गोष्ट उचल देणाऱ्या बांधवांसाठी. आपण व्याज घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पैशाला मोल आहे, जोखमीलाही आहे. पण ते व्याज उघड सांगून घ्यावे आणि मासळीस भाव लिलावाचा द्यावा. व्याज आणि भाव यांचे रकाने वेगळे झाले की ऋणको मुद्दल फेडू शकतो, आणि फेडून आपखुशीने पुन्हा आपल्याच दारी येतो. त्यास पत म्हणतात.

तिसरी गोष्ट मंडळाच्या निधीची. विद्यार्थी साहाय्याची रक्कम एकदा ठरली की वर्षानुवर्षे तीच चालते. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा शंभर रुपयांत एका मुलाची वर्षाची पुस्तके व वह्या येत. आज त्यात दोन जाड वह्या येतात. निधीचा आकडा तोच राहिला, पण निधी तो राहिला नाही. डॉ. आंबेडकरांनी रुपयाविषयी जे सांगितले ते येथे लावावे: आकडा पाहू नये, त्यात काय येते ते पाहावे. दर तीन वर्षांनी इयत्तेच्या पुस्तकांचा प्रत्यक्ष खर्च काढून साहाय्याची रक्कम त्यास जोडावी.

चौथी गोष्ट, या निधीतूनच जून-जुलैसाठी एक लहान पेटी वेगळी काढावी. हंगामात प्रत्येक घराने जमेल तेवढे थोडे थोडे त्यात टाकावे आणि बंदीच्या दोन महिन्यांत शाळेच्या खर्चापुरते त्यातून घ्यावे, दिवाळीपर्यंत परत करावे. मासळी कोणास घालावयाची अशी कसलीही अट त्यास नसावी. आणि ती पेटी सांभाळणाऱ्या समितीत मासळीच्या धंद्यात उचल देणारा गृहस्थ, तो कितीही सज्जन असो, नसावा. त्याच्याच मानासाठी नसावा. ही कल्पना नवी नव्हे. पलीकडच्या मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी लोकांकडून थोडी थोडी वर्गणी घेऊन आपल्या गावासाठी मुरूड फंड उभारला होता. स्त्रीशिक्षणाचे एवढे मोठे कार्य करणाऱ्या पुरुषाने आरंभी हात घातला तो अशा लहानशा पेटीला, हे आपण शेजाऱ्यांनी तरी विसरू नये.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पेटीने बंदराचा व्यवहार बदलणार आहे काय? नाही बदलणार. जगाची नाणी डॉलरला बांधणारी ब्रेटन वुड्सची व्यवस्थाही १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने डॉलरबदली सोने देणे थांबविताच ढासळली. मोठ्यांचे नियम मोठे लोक आपल्या सोयीने करतात आणि मोडतात. आपल्या हाती तेवढी सत्ता नाही. पण जून महिन्यात एका घरास शाळेच्या पैशासाठी कोणाच्या दारी जावे लागले नाही, तर ऑगस्टमध्ये त्या घराचा तांडेल बोलीस मोकळा उभा राहील. पाच घरे तशी उभी राहिली की लिलावातील भावही थोडा खरा होईल, आणि तो उचल घेणाऱ्यासही ऐकू जाईल.

चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री असता मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी त्या पदाचा त्याग केला, हे सर्व महाराष्ट्र जाणतो. देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या, त्यांना त्या खाली ठेवताना संकोच वाटला नाही. पैशाचे महत्त्व ज्यास खरे कळते, त्यास पैशापेक्षा मोठे काय हेही कळते. तशी समज आपल्या ज्ञातीतील तरुणांस येवो आणि समितीची ही लहान पेटी येत्या ज्येष्ठात उघडो, अशी आमची इच्छा आहे.